एकेचाळिसावी गाठ

इनामगाव,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. धनश्रीस,

इनामगावाहून आईचा आशीर्वाद. इथं थंडी पडायला लागली आहे. शेळी व्याली, दोन करडं आहेत, एक अगदी काळं. नदीकडच्या रानात ऊसतोडीची टोळी आली आहे, त्यामुळं दिवसभर रस्त्यावर ट्रॅक्टर आणि धूळ. माऊलीरावांना सांग, आठवण काढली म्हणून.

तू म्हणालीस, "आई, फोनवर तू दोन शब्दांत आटपतेस, म्हणून लिहून पाठव." लिहायला मला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. तुझ्या दुसरीच्या पुस्तकावरून वाचायला शिकलेली बाई मी, अजून जोडाक्षर आलं की पेन थांबतं. पण तुझे आबा मंत्र आणि श्वास कसा करायचे ते विचारलंस, तर नीट सांगते.

सुवर्णाताई शिरूरहून स्कूटीवर येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. देवळाच्या सभामंडपात सकाळी योगाचा वर्ग असतो. पाठ ताठ ठेवायची, डोळे मिटायचे. श्वास नाकानं आत घेताना मनात चार मोजायचे, सोडताना सहा. ओढायचा नाही, ढकलायचा नाही, तो कुठवर जातो ते नुसतं बघायचं. मग सोडताना ओंकार. आबांना ओंकारानं खोकला यायचा, म्हणून त्यांनी त्यांचं त्यांनी ठरवलं. आत घेताना मनात 'बिरदेवाच्या नावानं' आणि सोडताना ओठातल्या ओठात 'चांगभलं'. तेही लांबवून, मेंढरांना हाळी द्यायचे तसं. दगडोबा शेजारी बसायचे. ते म्हणाले, "हरिबा, जप करतुयास का मेंढरं हाकतुयास?" आबा म्हणाले, "मेंढरं ऐकत्यात तरी. ह्यो दम न्हाई ऐकत." सगळा वर्ग हसला. सुवर्णाताई म्हणाल्या, "आबा, मंत्र तुमचा, दम तुमचा. मी फक्त पाठ ताठ आहे का ते बघणार."

माळेचं तुला माहीत आहेच. तुळशीच्या माळेला हात लावला की मटण सोडावं लागतं, आणि देवाच्या जत्रेचं मटण ते सोडणार नव्हते. मग मी जुन्या घोंगडीची लोकर उसवून सूत काढलं, एकशे आठ गाठी मारल्या आणि शेवटच्या मोठ्या गाठीला भंडारा चोळला. एका गाठीला एक श्वास. रोज सकाळी चहाच्या आधी बसायचे.

माळ मागितलीस. ती कुठं ठेवली ते बघावं लागेल, सापडली की पाठवते.

त्यांच्या शेवटच्या दिवसाचंही विचारलंस. ते गावात सगळे सांगतात तसंच. सकाळची वेळ होती, माळ हातात होती. आणखी काय लिहू. भाकरी टाकायची आहे.

तुझी आई


इनामगाव,
८ डिसेंबर २०२४

धनश्री,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. दगडोबांची सून पूनम उद्या सकाळच्या एसटीनं तुमच्या दौंडला, एका दिवसापुरती माहेरी निघाली आहे, तिच्या हाती देते. पिशवीत तीन वस्तू आहेत. हे पत्र, माळ, आणि शिरूरहून आणलेला दम्याचा नवा पंप. पत्र वाचायच्या आधी पंप हातात घे. मग वाच.

परवा तू फोनवर म्हणालीस, "आई, अकरा दिवस झाले, पंपाला हात लावला नाही. तू लिहिलंस तसं रोज करते. रात्री छातीत वाजतं थोडं, पण श्वासाकडं बघत बसते." मी म्हणाले, पंप सोडू नको. तू हसलीस. "आबांना शेवटी लागला का पंप?"

मी काही बोलले नाही. तू त्याचा अर्थ 'नाही' असा घेतलास.

त्यानंतर मी तीनदा फोन लावला. एकदा माऊलीरावांनी उचलला, मी त्यांना करडं कशी आहेत ते सांगत बसले. दोनदा तू उचललास आणि मी जेवलीस का विचारून ठेवला. तोंडातून ते निघत नाही. लहानपणी तुला दम लागायचा तेव्हा पाठीवर घेऊन शिरूरपर्यंत गेलेली बाई मी, आणि आता एक वाक्य निघत नाही. म्हणून लिहिते.

माळ हरवली नव्हती. ती भिंतीतल्या दिवळीशेजारी खुंटीला होती, आबा गेल्यापासून तिथंच होती. मी खोटं लिहिलं.

आता त्या सकाळचं. पहाटेपासून त्यांची छाती वाजत होती. मी म्हटलं, आज नका बसू. ते म्हणाले, "बसल्यावर बरं वाटतंया." ओट्यावर पोतं टाकून बसले. मी समोर. माझ्या हातात ते पुस्तक होतं, शिरूरच्या एसटी स्टँडवरून आणलेलं, श्वास आणि जपाचं. मी त्यांना त्यातलं रोज वाचून दाखवायची. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून मी वाचलेलं ते देवाचं समजायचे. "छापलंय न्हवं? मग खरं आसंल." मलाही तसंच वाटायचं. धनश्री, शाळेत गेलेल्या माणसाला छापलेलं खोटं असू शकतं हे कळतं. मी तिशी उलटल्यावर अक्षर शिकले. मला एकेक ओळ लागायला इतके कष्ट पडायचे की ती ओळ खोटी असेल असं कधी मनात आलं नाही.

त्या पुस्तकात लिहिलं होतं, हाती घेतलेली माळ अर्ध्यात सोडू नये. आणि जप करणाऱ्याला मध्ये हात लावू नये, हाक मारू नये.

निम्मी माळ व्हायच्या आत त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं आणि हात दिवळीकडं केला. पंप दिवळीत होता. मला दिसत होता. उठून चार पावलं.

मी त्यांचा हात धरला आणि परत माळेवर ठेवला. म्हटलं, "अर्ध्यात सोडू नका. थोड्याच राहिल्यात."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. वर्गात सुवर्णाताईंचं ऐकायचे तसं माझं ऐकलं.

आणखी थोडा वेळ ओठ हलत होते. मग थांबले. मला वाटलं, मन लागलं. पुस्तकात तसं लिहिलं होतं, मन लागलं की मंत्र आपोआप थांबतो. मला आनंद झाला, हेही लिहून टाकते. मी पाय न वाजवता उठले, चुलीवर चहाचं आधण ठेवलं. चहा झाला, तो झाकून ठेवला. त्यांना हाक मारली नाही. दगडोबा आले ते ओट्याखालून ओरडले, "हरिबा, येतुयास न्हवं वर्गाला?" मी तोंडावर बोट ठेवलं, गप्प बसा म्हणून. दगडोबा जवळ आले, वाकले, आणि मग माझ्याकडं बघितलं.

एकशे आठला फोन त्यांनी केला. गाडी आली, शिरूरला नेलं. डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "पंप दिला होता का?" मी म्हणाले, "जपात होते." त्यांनी पुढं विचारलं नाही. वेळेवर दिला असता तर काय झालं असतं हे मी विचारलं नाही. आजही मला माहीत नाही. ते कुणालाच माहीत नाही, आणि मला तेवढ्यानं सुटताही येत नाही.

'जपात होते' हे दगडोबांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दहाव्याला लोक म्हणत होते, असं मरण मागून मिळत नाही. वच्छलाबाई माझ्या पाया पडल्या, म्हणाल्या, "बये, तू त्यास्नी शेवटपत्तुर देवाच्या नावात ठिवलंस." मी पाय मागं घेतले, तर त्या म्हणाल्या, बघा किती साधी. सुवर्णाताई नव्या बायकांना तुझ्या आबांची गोष्ट सांगतात आणि मला पुढं बसवतात. त्या 'श्वास रोखा' म्हणतात, तेव्हा सगळ्या रोखतात. मला रोखता येत नाही. मी तोंड बंद ठेवून नुसती बसते, कुणाला कळत नाही.

मी वर्ग सोडला नाही. का ते सांगता येत नाही. सकाळी तेवढा वेळ त्यांच्या जागेशेजारी बसायला मिळतं. आणि मंत्रानं त्यांना खरंच बरं वाटायचं गं, ते खोटं नाही. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, खांदे खाली यायचे, चेहरा मोकळा व्हायचा. म्हणून तर मी फसले. ज्यानं रोज बरं वाटतं ते त्या दिवशीही पुरेल असं वाटलं.

तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मी फक्त बरं वाटायचं तेवढं लिहिलं. पंपाचं एक अक्षर लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर पुढचं लिहावं लागलं असतं. आणि तू ते छापल्यासारखं खरं धरलंस. आईनं लिहिलंय म्हणून.

माळ हातात घेशील तर एका गाठीला लाल दोरा दिसेल. ती एकेचाळिसावी. दगडोबांनी त्यांच्या हातातून माळ काढली तेव्हा त्यांचा अंगठा त्या गाठीवर होता. मी तिथंच माझा अंगठा ठेवला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर दोरा बांधला. तुला पाठवायच्या आधी त्याच्या पुढच्या गाठी सोडवून टाकायच्या, असं ठरवलं होतं. काल दुपारभर बसले, सुईनं प्रयत्न केला. लोकर घामानं आवळली आहे, एकही सुटली नाही. कापवत नाही. म्हणून आहे तशी पाठवते.

तू जप कर. श्वासाकडं बघ. त्यांचाच मंत्र म्हण, तू तो म्हणतेस हे कळलं की मला बरं वाटेल. पण पंप मांडीवर ठेवून बस. छाती वाजली की पहिल्या गाठीला असशील तरी सोड, एकशे सातव्या गाठीला असशील तरी सोड. माळ जमिनीवर पडली तरी पडू दे. घरात कुणी असेल त्याला हाक मार.

पूनमला मी एवढंच सांगितलं आहे की धनश्रीसमोर थांब, ती पंप ओढेपर्यंत निघू नको. ती विचारत होती, का म्हणून. मी म्हटलं, तिला दम आहे. बाकी तिला माहीत नाही. तुला कुणाला सांगायचं असेल तर सांग. दगडोबांना सांगायचं असेल तर मी स्वतः सांगेन, तू म्हणशील तेव्हा.

यानंतर माझा फोन उचलावासा वाटला नाही तर उचलू नको. मी रागावणार नाही. पूनमनं परत येऊन 'ओढला' एवढा एक शब्द मला सांगितला, तरी मला पुरे आहे. उद्या संध्याकाळी मी स्टँडवर तिची वाट बघत असेन.

तुझ्या आबांचा हात जिनं माळेवर परत ठेवला ती,
तुझी आई