मागच्या चाकांपासून

बाबा, तुमची हिरवी गाडी आई विकायला निघाली होती. तिला दोष देत नाही. तुम्ही गेल्यावर ती दोन माणसांची, कापडी छपराची गाडी बारा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, आणि जहाजावरच्या ज्या इंजिनिअरांनी परदेशी जाताना ती तुमच्या हवाली केली, तेही आता हयात नाहीत. गेल्या वर्षी मी तिचे टायर, ब्रेक आणि झिजलेली सारी रबरं बदलून घेतली आणि ग्रंथालयातल्या नोकरीवर तिच्यातून जाऊ लागले. पण ती सरळ चालेना. स्टिअरिंग उजवीकडे तिरकं धरून ठेवावं, तेव्हा कुठे ती रस्त्याच्या रेषेत राही. हातखंब्यापर्यंत जाऊन परत येईतो माझे खांदे भरून येत. आई एकदाच शेजारी बसली. उतरल्यावर पदराने कपाळ पुसत म्हणाली, "बापाची म्हणून ठेवलीस, ते कळतं गो मला. पण तुला दरीत घालणारी आठवण मला नको. या महिन्यात सरळ झाली तर ठेव, नाहीतर मी गिऱ्हाईक बघते."

दोन ठिकाणी व्हील अलाइनमेंट करून घेतलं. पहिल्या ठिकाणी संगणकाच्या यादीत आपली गाडीच नव्हती. "जवळपासची टाकतो, मॅडम," तिथला कामगार म्हणाला, आणि कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीच्या मापांवर त्याने आपली पुढची चाकं बसवली. पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले. "बघा, एकदम ओके." बाहेर पडले तर पहिल्याच चढावर गाडी पुन्हा तिरकी. मी परत गेले नाही. तक्रार करायला लागणारी वाक्यं मला घरी पोहोचल्यावर सुचतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दुसऱ्या ठिकाणीही तेच झालं. त्या संध्याकाळी मी इतकी थकले होते की 'बघ गिऱ्हाईक' असं सांगायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आई विळीवर नारळ खवत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसले, आणि बसल्या बसल्या मला तो शनिवार आठवला.

मी अकरा वर्षांची आहे. सकाळची शाळा आटोपून डबा घेऊन तुमच्या गॅरेजात आले आहे. तुम्ही गाडीच्या दोन्ही अंगांना लोखंडी घोड्या मांडून त्यांना मासे गरवायची तंगूस ताणून बांधली आहे, आणि हातातल्या पोलादी पट्टीने त्या बारीक दोरीपासून चाकाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजता आहात. चालवणाऱ्याचं वजन गाडीत असल्याशिवाय माप खरं येत नाही, म्हणून मला चालकाच्या जागी बसवलं आहे आणि माझ्या पायाशी तांदळाचं अर्धं पोतं ठेवलं आहे. "तू नि अर्धं पोतं मिळून एक साहेब होतो," तुम्ही म्हणता आणि स्वतःच हसता. मी अर्धा तास तग धरते. मग दप्तरातलं दुसरं पुस्तक घ्यायला हळूच खाली उतरते. तुम्ही आवाज चढवत नाही, फक्त पट्टी खाली ठेवता. "उतरलीस होय? गाडी उठली बघ. आता पहिल्यापासून." मी रडवेली होऊन विचारते की वळतात ती पुढची चाकं, मग तुम्ही दर वेळी मागूनच का सुरू करता. "मागची तिरकी ढकलत असली, तर पुढची कितीही सरळ कर बाय, कुर्लीसारखी आडवीच चालणार ती." सोमवारी माझी परीक्षा होती आणि मला तुमचा फार राग आला होता.

या रविवारी मी एमआयडीसीतल्या तिसऱ्या वर्कशॉपमध्ये गेले. बोलताना अडखळू नये म्हणून सगळं क्रमाने कागदावर लिहून नेलं होतं. पन्नाशीच्या फोरमननी तो कागद घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला: आधी हवा, मग चालकाचं वजन, मग मागची चाकं, पुढची सर्वांत शेवटी. "आयला, ताई पेपर काढून आल्यात," मागून कुणीतरी म्हणालं. माझे कान तापले. तरीही मी म्हणाले, "मी आत बसते. मोजून होईपर्यंत उतरणार नाही." दोन तास मी हललेसुद्धा नाही. मागचं उजवं चाक बाहेर तोंड करून होतं; रबरं बदलताना तिथले चाकाची दिशा ठरवणारे पातळ पत्रे कुणीतरी उलटसुलट बसवले होते. ते त्यांनी जागच्या जागी लावले, आणि मग पुढच्या चाकांना जेमतेम हात लावावा लागला. नंतर फोरमन शेजारी बसले. सरळ रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "सोडा बघू हात." मी सोडले. गाडी कुठेही गेली नाही, फक्त पुढे गेली. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "बरं. येताना कोथिंबीर आण."

हे पत्र कुठेही धाडायचं नाही, म्हणून यात काही लपवण्याचं कारण नाही. वर्कशॉपमध्ये परत आल्यावर फोरमननी तो कागद घडी करून माझ्या हातात दिला. भोवती त्यांची माणसं उभी होती. "आमची पोरं पण पुढूनच चालू करतात," ते म्हणाले. "ताई, तुम्ही हे कुठं शिकलाव?" इतकी माणसं माझ्याकडे बघत होती, बाबा, आणि तुमचं नाव काढलं तर रडू फुटेल असं वाटलं. मी म्हटलं, पुस्तकात वाचलं. असं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही.