एक जून

घाटंजी

प्रिय नलू,

फोनवर तू म्हणालीस, आता रिटायर झालो आपण, कशाला कोर्टाची पायरी चढतेस. मी गप्प राहिले, म्हणून तुला वाटलं असेल की मी ऐकलं. नाही ऐकलं. सोमवारी यवतमाळला जाऊन साक्ष देऊन आले.

तुला अमर नीट आठवत नाही म्हणालीस. तांड्यावरच्या जमनीचा धाकटा. आपल्या शाळेचा पट त्या वर्षी इतका घसरला होता की दुसऱ्या शिक्षिकेचं पद जाणार होतं, म्हणजे तुझं. जूनच्या उन्हात आपण दोघी घरोघर पोरं गोळा करत फिरलो. जमनी म्हणाली होती, माझा अजून साडेचारचाच आहे, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी झालेला. आपण तिला समजावलं, की शाळेत खिचडी मिळेल, बसू दे त्याला. दाखलखारिज रजिस्टरात त्याला सहा वर्षांचा केला. जन्मतारीख एक जून. त्या पानावरच्या अकरा पोरांचीही तीच.

तुझं पद वाचलं. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू?

गेल्या जानेवारीत बाजाराच्या दिवशी भांडण झालं आणि अमरने तांड्यावरच्याच देवसिंगच्या डोक्यात लोखंडी पाइप घातला. देवसिंग वाचला, पण त्याचा उजवा हात अजून वर होत नाही. गुन्हा जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा. पोलिसांनी शाळेचा दाखला काढला. त्यावर पोरगा साडेअठरा वर्षांचा, म्हणून मोठ्या माणसांच्या तुरुंगात गेला. खरं वय सव्वासतरा. ते धरलं तर खटला बालन्याय मंडळापुढे चालेल आणि फार तर तीन वर्षं सुधारगृहात काढावी लागतील. दाखला धरला तर दहा वर्षं, कदाचित जन्मठेप. नर्सबाईंच्या लसीकरणाच्या जुन्या वहीत दिवाळीची तारीख आहे, पण कायदा आधी शाळेचा कागद बघतो. आपला कागद, नलू.

साक्षीच्या आदल्या दिवशी देवसिंग घरी आला. बसला नाही. म्हणाला, "बाई, त्याले वाचवून राह्यल्या तुमी. माह्या हाताचं काय?"

मी म्हटलं, "शिक्षा होऊ दे, देवसिंग. पण त्याच्या वयाची होऊ दे. आम्ही लिहून दिलेल्या वयाची नको."

तो दारातूनच उलट फिरला. त्याचा राग मला पटतो. पण त्याच्या रागासाठी मी खोट्या तारखेला खरी म्हणणार नाही, आणि पेन्शनच्या भीतीने तर मुळीच नाही. चौकशी लावायची तर लावू देत. छत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या मी.

कोर्टात सरकारी वकिलाने दरडावलं, की सरकारी रजिस्टर खोटं म्हणता, मग तुमच्यावरच गुन्हा का नको? मी म्हटलं, दाखल करा. जन्माचा कोणताही पुरावा न बघता ती तारीख टाकली, कारण आम्हाला पट हवा होता. मागे बसलेल्या जमनीकडे मी बघितलं नाही. तिच्यासमोर मान वर करायची हिंमत झाली नाही.

मग जज्जसाहेबांनी मूळ रजिस्टर माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, हे अक्षर तुमचं का?

नलू, ते तुझं होतं. तुझा तो शेपटीवाला सहा. माझं आहे म्हटलं असतं तर तू सुटली असतीस, आणि तिथे उभी राहून मी पुन्हा एक खोटी नोंद केली असती. मी तुझं नाव सांगितलं. नागपूरचा पत्ताही दिला. आठवड्याभरात तुला समन्स येईल. पोलिसाच्या हातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही. नोंद लिहिणारीनेच नाही म्हटलं तर माझी साक्ष अर्धीच राहील आणि पोरगा आहे तिथेच राहील. कोर्टाची पुढची तारीख चौदा आहे. शिव्या घालायच्या तर ये आणि समोर घाल, पण ये.

तू मानलंस तर अजून तुझीच,
शीला