पुढची गाडी हाल्वरची

छावणी,
बुधवार, १४ फेब्रुवारी १९६८

प्रिय ओडनीताई,

तू, भाऊजी, पोरं सगळी मजेत ना? आईने पाठवलेलं सुकं मटण पोचलं. निम्मं आमच्या तुकडीतल्या हाल्वरनेच फस्त केलं. थंडी अशी मरणाची की सकाळी इंजिनाखाली शेगडी ठेवल्याशिवाय एकही ट्रक हूं की चूं करत नाही.

शुक्रवारी आमचा ताफा निघतोय, आपल्या गावावरून, खिंड ओलांडून उत्तरेला. दोन दिवस नुसती धावपळ आहे. ताडपत्र्या आवळा, चाकांना साखळ्या चढवा. पहिल्या गाडीला निळा झेंडा लागतो, शेवटच्या गाडीला हिरवा. शेवटच्याचं काम म्हणजे रुतलेल्यांना ओढून काढणं.

निळा झेंडा हाल्वरला मिळाला. मिळू दे बापडा. पोरगा चांगला आहे. चांगला म्हणजे काय, कॅप्टनसाहेबांच्या पुढे पुढे करतो, गोड हसतो. साखळी चढवायला त्याला कोणी शिकवलं? मी! आणि आता जेवताना तो सगळ्यांना वाटेतली वळणं समजावतो. माझ्याच गावची वळणं, ताई! अंगाचा नुसता तिळपापड होतो.

बाबा काय म्हणतात? पुलावर जायचं काही बोलले का?

बरं, सांगूनच टाकतो. ‘पहिली गाडी मीच चालवणार,’ असं मी त्यांना नाताळातच सांगून बसलो. तेव्हा खात्रीच होती मला. आई लिहिते की त्यांनी शेजारीपाजारी सगळ्यांना आवतण दिलंय. कॉफी घेऊन पुलावर उभे राहणार म्हणे. तिथून पहिला जाणार हाल्वर! बाबांचं तोंड डोळ्यांसमोर येतं.

आज सकाळी त्याच्या ट्रकजवळून जात होतो. मागच्या आतल्या चाकाच्या साखळीची कडी उलटी लावलेली. टोक टायरकडे. खिंडीच्या चढावर टायर कापलाच म्हणून समज. दुपारी साहेबांची तपासणी होती, आणि आमच्याकडे कायदाच आहे, ज्याच्या गाडीत खोट सापडेल तो मागे. वाट ठाऊक असलेला दुसरा मीच, मग निळा झेंडा माझाच. मूग गिळून बसायचं, बस्स.

बसलोही. एक कप कॉफी होईपर्यंत. पण साहेबांच्या नजरेतून सुटलं तर? त्याच्या ट्रकमध्ये मागे तुकडीतली पोरं बसणार आहेत. उठलो आणि गेलो.

“हाल्व्या, डोळे काय गहाण ठेवलेस? ती कडी बघ.”

तो वाकला, पांढराफटक पडला. “आयला! गप्प बसला असतास तर पुढची गाडी तुझी होती.”

“माहितीय मला. मुकाट्याने काढ ती.”

“मग सांगितलंस कशाला?”

“तोंड खाजलं माझं.”

तो हसला, मला नाही आलं हसू. तपासणीत तो सहीसलामत सुटला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, तेव्हा वाटलं, कशाला झक मारली!

टपालाची बस निघतेय. ताई, एवढं कर. बाबांना तूच सांग, येर्मुंड खोटं बोलला. शिव्या देऊ देत. पण पुलावर त्यांना घेऊन जा, आणि पहिली गाडी गेली म्हणून घरी वळू देऊ नकोस. कॉफी संपली, शेजारी गेले, पाय गारठले, तरी धरून ठेव. सगळ्यांत शेवटी, हिरवा झेंडा लावून, मी येतोय.

तुझा, अजूनही जळफळणारा
येर्मुंड