काळी चार

४ डिसें. निमगाव केतकी
नवरदेवाच्या परण्याच्या मिरवणुकीपुढे सहा गाणी. घसा बसला. दत्तू दिवाळीत बँड सोडून गेला, त्याचा माईक मला मिळाला, पण गाण्याची पट्टी अजून त्याचीच, पुरुषी काळी एक. खाली गेलं की माझा आवाज बुडतो, वरून धरलं की नरडं फाटतं. माझी काळी चार. ट्रंपेट वाजवणाऱ्या आबा मास्तरांना सांगितलं, पट्टी बदला. म्हणाले, "चाळीस वर्षं ह्येच वाजवतुय बाई. तुमी गळा बदला."
म्हटलं, गळा तेवढा बदलता येत नाही, आबा.

७ डिसें. कळंब
लेकीनं मोबाईलवर गाणं पाठवलं. अमेरिकेतली काळी बाई, शंभर वर्षांपूर्वीची. आधी लोकांची धुणी धुवायची, मग गावोगाव तंबूत गायली, तेही माईकशिवाय! शब्द एक कळला नाही. पण पट्टी तिचीच, हे पहिल्या ओळीत कळतं. ती थांबली की मगच ट्रंपेट बोलतो. आमचा गप्प बसेल तर शपथ. सात वेळा ऐकलं. भाकरी करपली.

९ डिसें. वालचंदनगर, तालीम
आबांना ऐकवलं. त्यांचं ध्यान नुसतं ट्रंपेटवर. "कोन हाय ह्यो? दम हाय गड्यात!"
"आबा, बाईकडं कान द्या."
परत ऐकलं. "तिच्या मागनं चाललाय की."
"मग, कमी वाटला का?"
आबांनी ट्रंपेट उचलला. काळी चार धरून बघितली, तीनदा चुकले. ढोलवाले हसले. आबांनी ट्रंपेट पेटीत ठेवला. फार वाईट वाटलं. ढोलवाल्यांना चांगलं झापलं. पट्टीचं मात्र मागं घेतलं नाही.

१४ डिसें.
आबांना फोन. इंदापूरच्या लग्नात काळी चार, नाहीतर मी गात नाही. "बगू" म्हणाले, ठेवला. हे म्हणतात, हातातलंही घालवशील. भीती मलाही आहे. दुसरा बँड बाईला माईक देईल असं नाही. पण दत्तूची उसनी पट्टी आता पुरे.

२० डिसें. इंदापूरच्या वाटेवर, टेंपोत
तालमीला आबा पुन्हा आलेच नाहीत. आज वेळेवर हजर, पुढं बसलेत. "बरं हाय का?" एवढंच. ट्रंपेट मांडीवर, तोंडाला न लावता नुसती बोटं हलतायत. कुठली पट्टी, पाठीमागून कळत नाही.
विचारलं नाही. मी काळी चारमध्ये सुरू करणार.