ठेंगणीचं पहिलं अंडं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच साष्टांग, कंबर धरली आहे, पलंगावर पालथा पडून लिहितो आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? नातीचं रडणं कमी झालं का? इकडे सगळं ठीक, म्हणजे सगळे जिवंत आहेत. काल दुपारी एवढंही लिहिता आलं नसतं.

झालं असं, तू लेकीकडे गेलीस आणि तुझ्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना असं म्हणतात म्हणे, मी आपला ‘पोरी’ म्हणत होतो) संध्याकाळ झाली की कुरकुरायला लागल्या. मला वाटलं, अंधाराला भितात. म्हणून खुराड्यात बल्ब लावला आणि आम्ही झोपेपर्यंत चालू ठेवू लागलो. हळूहळू पोरींचे तुरे लालभडक झाले. मी जवळ गेलो की पंख पसरून खाली बसायच्या. मी समजलो, मला मान देतात! (घरात इतर कोणी देत नाही.)

काल तुझी लाडकी ठेंगणी कोपऱ्यात शेपूट पाडून बसली. दाणा नाही, पाणी नाही, नुसती कुंथत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला चाचपलं आणि वर बल्बकडे पाहिलं.

“हा किती वेळ असतो?”

“आम्ही झोपेपर्यंत.”

“अहो, उजेड यांच्या कवटीतून थेट मेंदूत पोचतो. दिवस मोठा झाला असं समजून मेंदू खालच्या ग्रंथीला हुकूम सोडतो, तिचे हार्मोन रक्तातून जाऊन अंडाशयाला उठवतात. अंगाची वाढ पुरी व्हायच्या आत तुम्ही यांना अंड्यावर आणलंत. हिचं अंडं अडकलंय.”

ताई, म्हणजे ते लाल तुरे, ते खाली बसणं अंड्यावर आल्याचं होतं, मान नव्हताच! बादलीत कोमट पाणी, पाण्यात ठेंगणी आणि तिला धरून वाकलेला मी (कंबर तिथेच गेली). डॉक्टर तेल लावत म्हणाले, “दाबू नका. आत फुटलं तर संपलं.” ठेंगणीचे डोळे मिटत चालले. आमची ही, जी एरवी कोंबडीचं पीस अंगाला लागलं तरी आंघोळ करते, तिचं डोकं तळहातावर घेऊन “घाल गं बाई, घाल” म्हणत रडत होती. मी आशा सोडली, आणि पाण्यात काहीतरी टुपकन पडलं. लिंबाएवढं, रक्ताचा डाग असलेलं. ठेंगणीने मान उचलली आणि डॉक्टरांच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली. त्यांच्याइतकं खूश कोणी नव्हतं.

बल्ब काढला आहे. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. घाईने येऊ नकोस.

ता. क. खरं म्हणजे अजून महिनाभर ये म्हटलं तरी येऊ नकोस. का, ते ही सांगेल. मला धीर नाही.

ता. क. वन्सं, हे अक्षर माझं. ठेंगणी आता स्वयंपाकघरात, माझ्या शालीवर झोपते. बाकीच्या सगळ्या न्या. हिला मात्र मागू नका.