वरसेहून पेणला ओढून आणलेली जीप

अण्णा, काल पेणला गेले होते. तुमच्या वर्कशॉपच्या जागी आता गणपतीचा कारखाना आहे. तुमचं वेल्डिंग मशीन होतं त्या कोपऱ्यात एक बाई मूर्तीची सोंड पॉलिश पेपरने घासत बसली होती. मी म्हटलं, इथं माझ्या वडिलांचं वर्कशॉप होतं, जरा उभी राहू का? ती म्हणाली, "रहा ना." तिथं उभं राहिल्यावर मला डॉली आठवली.

आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. तुमचे जावई रोहा ते नागोठणे जीप चालवायचे, त्या जीपवर आमचं घर चालायचं, आणि रोह्याजवळ वरसे गावात आमच्या दारासमोरच तिचं इंजिन जाम झालं. तुम्ही निरोप धाडलात, माझ्या दारात आणा, मी उघडतो. पण आणायची कशी? धरमतरचे तुमचे दोस्त, मिठाचा टेम्पो चालवणारे काका, म्हणाले, "दोरी बांदू न् नेऊ. कोन बगतंय?" तुम्ही बिडी विझवून म्हणालात, "दोन गाड्यांच्या मधनं मोटरसायकलवाला घुसंल, त्याला दोरी दिसंल का? नाय. कायद्यात बसंल अशीच न्यायची." आणि दुसऱ्या दिवशी डॉली करायला घेतलीत. दोन चाकांची बुटकी गाडी, जीपची पुढची चाकं तिच्यावर चढवायची, मागची रस्त्यावर राहणार, आणि लोखंडी दांड्याने ती टेम्पोला जोडायची.

मी त्यासाठी माहेरी येऊन राहिले. लग्नाआधी तुमच्याच हाताखाली वेल्डिंग शिकले होते. तुमची शाळा चौथीपर्यंतची, म्हणून नियमांचं पुस्तक मी वाचायचे. स्वयंपाकघरात आई बिरडं सोलत बसली आहे, मी वाचते आहे, आणि तुम्ही मधेच थांबवता, "परत वाच." मागे लाल दिवे, उजेडात चमकणाऱ्या लाल काचा, सांगाड्यावर नंबर, आणि दांडा सुटलाच तर गाडी धरून ठेवायला साखळी. मी ओट्यावर कागद पसरून चित्र काढते. आई म्हणते, "त्यावर पीठ सांडलंय गो, आरटीओचा साहेब पास करंल काय?" तुम्ही हसता, पण कागद उचलून झटकता आणि पुन्हा नीट ठेवता.

दांड्याचा जोड मी मारला. तुम्ही हातोडीचे दोन ठोके घातलेत, कटर घेतलात आणि काकांच्या समोर तो कापून टाकलात. "वरनं रांगोळी काढलीस. वेल्डिंग आत शिरलंच नाय." मी हातमोजे फेकून घरात गेले. तुम्ही चहा घेऊन मागोमाग आलात, दारातच उभे राहिलात. "मागच्या जीपमधे ब्रेकवर तुझाच नवरा बसनार हाय. तुझा राग मला चालंल." तिसऱ्या वेळी तो जोड तुम्हाला पटला.

आरटीओत पहिल्यांदा साहेबांनी परत पाठवलं. टेम्पोचा ब्रेक दाबला की डॉलीचा दिवा लागत नव्हता. काका वैतागले. तुम्ही मात्र खुशीत घरी आलात. "बरोबर बोलला मानूस. मला सुचाया पायजे होतं." वायर ओढून पुन्हा घेऊन गेलात, डॉली पास झाली, आणि येताना पिवळ्या रंगाचा डबा आणि नवा ब्रश घेऊन आलात. "नंबर तू लिही. तुझी पन हाय ती." लग्नात तुम्ही दिलेली साडी आता कुठे आहे ते मला सांगता येणार नाही. तो ब्रश आहे.

वरसे गावात जीप डॉलीवर चढवली. मागची चाकं मोकळी फिरावीत म्हणून तिचा शाफ्ट तुम्ही सोडवून ठेवलात, साखळी स्वतः अडकवलीत, आणि दांडा टेम्पोच्या हुकात अडकवणारी पिन मला घालायला सांगितलीत. मोठी पिन उसळून वर येऊ नये म्हणून तिच्या खालच्या भोकात बारीक स्प्लिट पिन घालायची असते. तेवढ्यात शेजारीण पाणी घेऊन आली आणि मी वळले. नागोठण्याच्या अलीकडे टेम्पो खड्ड्यात आपटला, मोठी पिन उडाली, दांडा खाली पडून रस्त्यावर घासू लागला. साखळीने डॉली धरली. काकांनी हळूहळू वेग कमी केला आणि सगळं भाताच्या बांधाला लागून थांबलं. जावई जीपमधून उतरले आणि बांधावरच बसले.

तुम्ही मला विचारलंत, "स्प्लिट पिन घातली होतीस ना?"

मी म्हटलं, "व्हय."

तुम्ही हुकाच्या भोकात बोट घालून चाचपलंत. "मग माझंच भोक ढिलं झालं." पेणला पोचल्यावर इंजिन उघडण्याआधी तुम्ही तो अख्खा हूक कापून नवीन केलात. जीप पुढे कितीतरी वर्षं चालली. डॉली कुणी मागायला आलं की तुम्ही त्याला समोर बसवून सांगायचात, "एकदा माझ्या हातनं चूक झाली, जावई जाता जाता वाचला. पिन बघून घे." शेवटच्या आजारपणातही भेटायला आलेल्या काकांना तेच सांगितलंत, आणि मी उशाशी बसून मोसंबं सोलत होते.

स्प्लिट पिन मी घातली नव्हती, अण्णा. त्याच संध्याकाळी ती माझ्या पिशवीत सापडली. आता हे पत्र पाठवायला पत्ता नाही. पण असता, तरी मी ते टपालपेटीत टाकलं असतं की नाही, मला खात्री नाही.