चूक ज्याची, केक त्याचा

स्वेनबोर्ग, ऑक्टोबर १९९३

प्रिय प्रेबेन,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडखळलं. पण सख्ख्या धाकट्या भावाला दुसरं काय लिहायचं ते सुचेना, म्हणून राहू दिलंय. दीड वर्ष झालं, मी तुझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलतेय. आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला आपण एकत्र गेलो, तुझ्या बायकोच्या, बोडिलच्या वाढदिवसाला केकभोवती कागदी झेंडे मीच लावले, आणि प्रत्येक वेळी तू ‘कशी आहेस?’ असं विचारून उत्तर यायच्या आत दुसरीकडे बघितलंस. तर आता ऐक. मी चिडलेली आहे. तुला वाटतं मी कारखाना सोडला तो गुडघ्यामुळे. गुडघा बरा आहे. बिघडलंय ते माझं नाव, आणि ते तू बिघडवलंस.

बाबांनी तुला वेल्डिंगला लावलं आणि मला ड्रॉइंग बोर्डासमोर उभं केलं. आपल्याकडून बाहेर पडलेल्या प्रत्येक लोखंडी जिन्याच्या कागदावर खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत माझी आद्याक्षरं आहेत. बाबा म्हणायचे, ‘त्या चौकटीत नाव घातलंस ना, की जिना कोसळला तरी तू त्याच्याखाली उभी आहेस असं समज.’ मी तसंच समजत आले. त्यांची दुसरी शिस्तही तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाने शेवटच्या घटकेला उंची बदलली आणि सगळं पुन्हा काढायला सवड नसली, तर जुना आकडा खोडून नवा लिहायचा आणि त्याच्याखाली रेघ ओढायची. ती रेघ दिसली की तुम्ही खाली काम करणारे समजायचात, चित्र जुनं आहे, आकडा धरा. इतका साधा प्रामाणिकपणा होता तो, पेन्सिलीच्या एका फटकाऱ्याचा.

मग तू कॉम्प्युटर आणलास. मी मागितला नव्हता. तू तो माझ्या टेबलावर ठेवलास, माझा बोर्ड मागच्या शेडमध्ये नेऊन टाकलास, आणि पन्नाशी उलटलेल्या बहिणीला म्हणालास, ‘मंगळवारी संध्याकाळचा वर्ग आहे, जा की. विणकामाला जातेस तसं जायचं.’ विणकामाला मी जन्मात गेले नाही. पण वर्गाला गेले. पहिले काही आठवडे रडू यायचं बाकी राहिलं होतं. हात टेबलावर फिरतोय आणि रेघ समोर काचेवर उमटतेय, हे डोक्यात शिरेना. खोडरबराचा भुगा झटकायला माझा हात आपोआप जायचा आणि तिथे काहीच नसायचं. पोलादाचा कापलेला भाग दाखवायला तिरप्या रेघा भरायला गेले, तर त्या सगळ्या पडद्यावर सांडल्या. आमची शिक्षिका त्रिने, माझ्या मुलीच्या वयाची, हसून म्हणाली, ‘रिगमोर, तुमचा एक कोपरा उघडा राहिलाय. मोठा करून बघा.’ मोठा करून बघितला. खरंच, दोन रेघा भेटल्याच नव्हत्या, नुसत्या भेटल्यासारख्या दिसत होत्या. कागदावर आयुष्यभर मला ते कळलं नसतं.

आणि तुला सांगते, त्या दिवसापासून मला ते यंत्र आवडायला लागलं. तिथे सगळं खऱ्या मापाने काढायचं असतं. जिना जेवढा, तेवढाच. मोजमापं एका थरावर, मध्यरेघा दुसऱ्यावर, जणू पारदर्शक कागद एकावर एक ठेवलेत. आणि आकडा आपण लिहायचाच नाही, रेघेच्या दोन टोकांना बोट लावलं की यंत्रच रेघ मोजून आकडा टाकतं. मी घरी येऊन जेवताना एकटीच खूश असायचे. तुला सांगायला आले होते एकदा, तेव्हा तू फोनवर होतास.

मग तो लांगेलँडच्या ग्रंथालयाचा जिना. मी तो संपवला, चौकटीत नाव घातलं आणि मंगळवारी वर्गाला गेले. बुधवारी त्या चित्राची फ्लॉपी ओडेन्सेच्या पत्रे कापणाऱ्या कारखान्यात गेली. पुढच्या आठवड्यात जोडलेला जिना जागेवर नेला तर वरच्या मजल्याला पोचेना, चांगली वीतभर उणा. क्रेनला लटकणारा तो जिना बघत आपली माणसं खाली उभी आणि ग्रंथालयाच्या बाई वर, असं चित्र जिना बसवायला गेलेल्या आपल्या विलीने मला येऊन सांगितलं. कागदावर आकडा तर बरोबर होता. मग मीच रेघ चुकले असणार, नवं शिकले आणि जुनं विसरले, असं मी मनाशी धरून चालले.

शुक्रवारी सकाळी सगळे एका टेबलाशी बसतात आणि आठवड्यात ज्याने घोळ घातला त्याने केक आणायचा, ही आपल्याकडची पद्धत. केक खाल्ला की चूक संपली, पुन्हा कोणी ती उकरून काढायची नाही. मी सफरचंदाचा केक केला, नेला, सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले, ‘जिना माझा होता.’ विलीने पाठीवर थोपटलं. आणि तू म्हणालास, ‘पेन्सिलीला कॉम्प्युटर कळत नाही, काय करणार!’ सगळे हसले. मीही हसले. वर तू म्हणालास, ‘साखर जरा कमी पडली गं,’ आणि दुसरा तुकडा घेतलास.

माझं काय चुकलं ते समजून घ्यावं म्हणून मी ती फ्लॉपी त्रिनेकडे नेली. तिने आकड्यावर बोट ठेवलं, एक कळ दाबली, आणि म्हणाली, ‘हा यंत्राने मोजलेला नाही. हा कोणीतरी हाताने टाइप केलाय. खालची रेघ जुनीच आहे.’ असं करता येतं हेच तोवर मला माहीत नव्हतं, आम्हाला ते शिकवलंच नव्हतं. कारखान्याची किल्ली आपल्या दोघांकडेच, प्रेबेन. गिऱ्हाइकाने मंगळवारी संध्याकाळी उंची वाढवायला सांगितली आणि तू बाबांच्या पद्धतीने आकडा बदललास, फक्त त्याखाली रेघ ओढली नाहीस. पत्रा कापणारं यंत्र आकडे वाचत नाही, ते रेघेवरून जातं. इथवर मी तुला माफ केलं असतं. न कळून केलंस, तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण मी ओडेन्सेला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, ‘अहो, आम्ही तुमच्या भावाला गुरुवारीच सांगितलं की, आकडा कोणीतरी बदललाय म्हणून.’ गुरुवारी. केक दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी होता. तुला ठाऊक होतं आणि तू बसून खाल्लास. आणि केकनंतर चूक संपायला हवी होती, तर तू महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला तो पेन्सिलीचा विनोद ऐकवलास. म्हणून मी गेले.

आता हे सगळं आज का लिहितेय ते सांगते. त्रिने नवऱ्याबरोबर ऑर्हूसला गेली आणि तिचा वर्ग शाळेने मला दिलाय. रविवारी बोडिलचा फोन आला. माझ्यानंतर तू ठेवलेली दोन्ही माणसं सोडून गेली, तुलाच आता ड्रॉइंग शिकायचंय, नाव नोंदवलंयस, आणि तुला धास्ती वाटतेय की मी तुला दारातूनच परत पाठवीन. बरोबर वाटतेय. पाठवीन. नाहीतर असं कर. येत्या शुक्रवारी कारखान्यात केक घेऊन जा. बोडिलने केलेला नाही, तू केलेला. मला बोलाव. उभा राहून सगळ्यांसमोर सांग तो कशाचा आहे, विली ऐकेल अशा आवाजात. मी माझा तुकडा खाईन आणि त्यानंतर त्या जिन्याबद्दल मरेपर्यंत शब्द काढणार नाही. मग मंगळवारी ये, पहिल्या रांगेत बस, तुला रेघ कशी सुधारायची ते मी स्वतः शिकवीन. आणि साखर बघून घाल.

तुझीच, अजून रागावलेली बहीण,
रिगमोर